बेसमेंटमधला नावांचा सर्व्हर

शुक्रवार, ३ जानेवारी. संध्याकाळी ६.१०
मिनी पीसी आला. वापरलेला, पण स्वच्छ. आत सहा व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतले कॉम्प्युटर, आरामात चालतील. ऑफिसात लोक याला होम लॅब म्हणतात आणि फोटो टाकतात. मी टाकणार नाही.
प्रत्येक मशीनचा पत्ता म्हणजे एक लांबलचक आकडा. तो पाठ ठेवण्याऐवजी मशीनला नाव द्यायचं, आणि नाव विचारलं की आकडा सांगणारा एक सर्व्हर ठेवायचा. डीएनएस. तो मी घरीच उभा करणार. अंदाज: एक वीकेंड.

रविवार, ५ जानेवारी
सर्व्हर चाळीस मिनिटांत चालू. मशीन्सची नावं ठरवायला पाच तास. शेवटी डीएनएस-०१, स्टोअर-०१ अशीच ठेवली. जिव्हाळ्याची नावं ठेवली की मशीन बंद करताना हात अडखळतो.

मंगळवार, ७ जानेवारी
एकच वापरकर्ता असलेल्या सर्व्हरची चाचणी ही चाचणी नव्हे. राउटर वर घरमालकांकडे आहे, वायफाय भाड्यातच येतं. म्हणजे सगळ्या घराने माझा डीएनएस वापरणं तर्कसंगत आहे.
घरमालकांना, म्हणजे पुरुषोत्तम काकांना, विचारलं. म्हणाले, नीट चाललंय ना, मग कशाला हात लावायचा? म्हटलं, वेग वाढेल. (मिलिसेकंदांनी. पण वाढेल.) शोभना काकू म्हणाल्या, करू द्या हो तिला, नाहीतर खाली एकटीच बसून असते.
हे अचूक नाही. मी बसून नसते. काम करते.

शनिवार, ११ जानेवारी
राउटर ताब्यात. त्याचा पासवर्ड म्हणजे काकांच्या मुलाचं नाव आणि जन्मसाल. बदलला. आता अठ्ठावीस अक्षरं. काका म्हणाले, कागदावर लिहून फ्रिजला लाव. नकार दिला. सगळे पासवर्ड माझ्या व्हॉल्टमध्ये राहतील. व्हॉल्टही मीच चालवते, मिनी पीसीवर.
राउटरमध्ये माझा डीएनएस लिहिला. दुसरा, पर्यायी डीएनएस लिहायलाही एक जागा असते. रिकामी ठेवली. पर्याय असला की शिस्त बिघडते.

बुधवार, १५ जानेवारी
रविवारी डीएनएसमधूनच जाहिराती अडवायला सुरुवात केली. यशस्वी. काकूंची मालिकाही अडली.
तीन दिवसांनी बोलल्या. आधी सांगितलं असतं तर आधी दुरुस्त केलं असतं. म्हणाल्या, दोन भाग बुडाले गं, तेवढ्यात सासू गेली. म्हटलं, म्हणजे कथानक पुढे सरकलं. काकू हसल्या नाहीत. एकंदर समाधानी वाटल्या.

रविवार, १९ जानेवारी
वर चहाला बोलावलं होतं. पुढच्या रविवारी दुसऱ्या राज्यात, नेपरव्हिलला, बारसं आहे. मुलाची, अमेयची, पहिली मुलगी. काकूंचा गुडघा डिसेंबरमध्ये बदललाय, विमान बंद. त्यांना सोडून काका जाणार नाहीत. मग टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावून काकू इथून पाळणा म्हणणार. घरातल्या प्रत्येक बाळाचा पाळणा आजवर त्यांनीच म्हटलाय. एकही चुकवलेला नाही, हे दोनदा सांगितलं. नाव आत्या, म्हणजे अनिका, ठेवणार. ते कुणालाच ठाऊक नाही. काकूंनी खोदून विचारलं तर अनिका म्हणाली, नो स्पॉयलर्स, आई.
मग मला म्हणाल्या, त्या दिवशी बंद नाही ना पडणार गं? मी नाही म्हणाले. म्हणाल्या, तूही ये वर, आपल्याच घरचं आहे. बघते म्हटलं. रविवारी मला काही काम नाही, पण ते सांगायची आवश्यकता नव्हती.

बुधवार, २२ जानेवारी
सगळ्या मशीन्सच्या डिस्क मिनी पीसीतून काढून स्टोअर-०१ या वेगळ्या, फक्त साठवणीच्या डब्यात हलवल्या. आता मिनी पीसी सुरू झाला की स्टोअर-०१ ला नावाने शोधतो आणि तिथून मशीन्स उठवतो. आकडाही लिहिता आला असता. ते हौशी लोकांचं काम.
सगळं चालू आहे. रीस्टार्ट करून पाहिलं नाही. चालत्या गोष्टीला हात लावू नये.

शनिवार, २५ जानेवारी. दुपारी २.००
ठराव: बारसं होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

४.३०
एक अपडेट आलंय. सुरक्षेचं. काकूंच्या कार्यक्रमात जुनी आवृत्ती चालवणं हा निष्काळजीपणा होईल. उद्या सकाळी, ताज्या डोक्याने.

रविवार, २६ जानेवारी. सकाळी ९.४०
अपडेट पूर्ण. मिनी पीसी रीस्टार्ट केला. बारसं आपल्या घड्याळाने साडेअकराला. वेळच वेळ.

९.५५
मिनी पीसी उठला. मशीन्स उठली नाहीत.

१०.१०
कारण सापडलं. मिनी पीसी स्टोअर-०१ ला नावाने शोधतोय. ते नाव फक्त डीएनएस सांगू शकतो. डीएनएसची डिस्क स्टोअर-०१ मध्ये आहे. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात. रचना मात्र सुसंगत आहे.

१०.२०
घरात कुणाचंच इंटरनेट चालत नाही; वेबसाइट्सचे आकडेही माझाच डीएनएस सांगतो. राउटरला जुना डीएनएस परत द्यावा. राउटरचा पासवर्ड व्हॉल्टमध्ये. मिनी पीसीचाही तिथेच. व्हॉल्ट न उठलेल्या मशीन्सपैकी एक.
राउटर रीसेट करता येईल. पण त्यात माझी दोन आठवड्यांची सेटिंग्ज जातील. तो उपाय नव्हे, शरणागती.

१०.४५
काकूंनी जिन्यावरून हाक मारली, शरयू, टीव्हीवर नुसतं गोल फिरतंय. म्हटलं, पाच मिनिटं.

११.०५
काका खाली आले. म्हणाले, इंजिनिअरबाई, तुमची पाच मिनिटं भारतातली की इथली? फोनवरून प्रयत्न केला होता त्यांनी. घरात सिग्नलची एकच कांडी, अमेयचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला. म्हणाले, ती पैठणी नेसून बसलीये. मी पुन्हा पाच मिनिटं म्हणाले. पैठणीची माहिती कामाच्या दृष्टीने उपयोगाची नव्हती.

११.२०
पासवर्ड आठवून पाहिला. अठ्ठावीसपैकी एकोणीस अक्षरं आठवली. हे प्रमाण चांगलं आहे.

११.३०
वरून काकूंचा आवाज. स्वयंपाकघरातल्या लँडलाइनवरून अमेयला साधा फोन लावलाय. नंबर पाठ होता. पाळणा म्हणताहेत. तिकडे कुणीतरी फोन पाळण्याशी धरला असणार. दुसऱ्या कडव्याला आवाज कापला, मग सावरला.
गाणं संपेपर्यंत मी काम थांबवलं. अशा आवाजात एकाग्रता होत नाही.
मग टाळ्या. नाव ठेवलं असावं. खाली स्पष्ट ऐकू आलं नाही.

११.५५
काकांनी इंटरनेट कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं तशी राउटरच्या मागच्या छिद्रात काकूंची शिवणाची सुई खुपसली. चार मिनिटांत सगळं चालू.
व्हिडिओ लागला. बाळ झोपलं होतं. पाहुणे जेवत होते.

सोमवार, २७ जानेवारी. संध्याकाळी ७.३०
काकांना एक पानाचा अहवाल दिला: कारण, परिणाम, पुढची काळजी. "परिणाम" मध्ये लिहिलं: एक व्हिडिओ कॉल, अंशतः. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि चहाच्या कपाखाली ठेवला. म्हणाले, तुझं मशीन यापुढे तुझ्यापुरतं. मी तत्काळ मान्य केलं. माझीही योजना तीच होती. राउटरचा पासवर्ड आता फ्रिजवर आहे.
काकूंनी बसवून घेतलं आणि बारशाच्या घुगऱ्या दिल्या. विचारलं, नाव आवडलं ना?
नाव मला माहीत नाही. विचारलं असतं तर काल मी कुठे होते हे पुन्हा निघालं असतं. म्हणून म्हटलं, हो. साधं, सोपं आहे.
काकू बघत राहिल्या. म्हणाल्या, सोपं? सूनबाई रुसून बसलीये, इथल्या शाळेत एकाही मास्तरला म्हणता यायचं नाही म्हणते. काका म्हणाले, बाईंना सगळं सोपंच वाटतं. म्हटलं, मला तरी उच्चाराला काही अडचण नाही.
काकू म्हणाल्या, मग म्हण बघू. मला अजून नीट जमत नाहीये.
तोंडात घुगऱ्या आहेत अशी खूण केली. मग एक एक दाणा खाल्ला. काकू गुडघ्यावर हात ठेवून समोरच बसल्या होत्या. त्यांना कुठे जायचं नव्हतं.