मावशीच्या ओसरीवरचा चहा

१ जुलै, मंगळवार
वस्तीत शुगर तपासायला जागा मिळाली एकदाची. सुंदरामावशीची ओसरी. मावशी एकटीच, मुलगा-सून पुण्याला. तिचीच शुगर सगळ्यांत जास्त, म्हणून मुद्दाम तिचं घर धरलं. दर मंगळवारी नजरेसमोर राहील. स्वतःवर खूश.

१५ जुलै
ओसरी भरली. बायका वजनकाट्यावर चढताना चपलाच काय, बांगड्यासुद्धा काढायला बघतात! मावशीची शुगर मात्र चढलेली. गोळ्या घेते, भात सोडलाय, ज्वारीची भाकरी नि पालेभाजी. खोटं बोलणारी बाई नव्हे. मग...

२२ जुलै
पुन्हा वाढली. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळलीय. डॉक्टर म्हणाले, शुगर आवरली नाही तर अंगठा काढावा लागेल. मावशीवर चिडले. सगळ्यांदेखत. कशाला चिडले.

२३ जुलै
आज न सांगता गेले. ओसरीवर शेजारची शोभा, आणखी दोघी. सगळ्यांच्या हातात चहा, मावशीच्याही. चांगला गोडमिट्ट. तपासणीमुळे बायकांना तिथं बसायची सवय लागलीय, रोज कुणी ना कुणी येतंच.
"आल्या-गेल्याला बिनसाखरेचा कसा द्यायचा, ताई? अन् मी न्हाय घेतला तर त्येंना तरी घोट उतरंल का?"
मग हळूच, "आदी माज्याकडं कोण येत हुतं?"
ही माणसं मीच आणून बसवली. दर मंगळवारी तिच्यासोबत एक कप मीही घेत होते. मी, आहार सांगणारी!
शोभा म्हणाली, "आमी नगं म्हनतो की. लई रुसते."

२९ जुलै
तपासणी समाजमंदिरात हलवली. बायकांना बजावलं, मावशीकडे चहाला जायचं नाही. मावशीला अंगठ्याचं कारण सांगितलं. "बरं," म्हणाली. एवढंच.

१२ ऑगस्ट
मावशी तपासणीला आलीच नाही, म्हणून घरी गेले. तिथंच तपासली, शुगर उतरलीय. जखमही सुकतेय. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, कपबश्या धुऊन पालथ्या.
"जेवलात?"
"एकटीसाटी भाकरी कुटं थापत बसू?"
म्हणजे शुगर गोळ्यांनी उतरली की उपाशी राहून, देव जाणे. डॉक्टरांना दोन्ही सांगितलं. शुगरचं ऐकून खूश झाले, जेवणाचं "समजावा त्यांना" म्हणाले. काय समजावू? घरी येऊन रडले.

१९ ऑगस्ट, मंगळवार
समाजमंदिराच्या आधी मावशीकडे. घरून थर्मासमधून बिनसाखरेचा चहा नेला, डब्यात दोन भाकऱ्या. माझ्यासोबत अर्धी खाल्ली. चहाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं.
"आज हितंच बसवा की बायका."
"आणि अंगठा, मावशी?"
"गेला तर गेला. बाकीची मी हाय न्हवं?"
ती आत कप धुतेय, मी तिच्या ओसरीवर बसून हे लिहितेय. शोभाचा दुसऱ्यांदा फोन आला. बायका समाजमंदिरात जमल्यात, तिथंच थांबू की मावशीकडे येऊ, विचारतेय. थांब म्हटलं, सांगते.