झाकणाचा आवाज

बाबा, गेल्या महिन्यात आम्ही एक खेळ जगाला फुकट देऊन टाकला. आम्ही म्हणजे मी आणि निरनिराळ्या देशांतले चौदा जण, ज्यांना मी अजून एकदाही समोरासमोर भेटलेली नाही. खेळ कॉम्प्युटरवरचा. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते आणि आपल्या घरात साधा फोनसुद्धा नव्हता, त्यामुळे हे तुम्हाला समजेल असं कसं सांगावं याचा विचार करण्यात माझे दोन रविवार गेले. शेवटी ठरवलं की वसतिगृहाच्या कोठीपासूनच सुरुवात करावी. खेळ एका परीने तिथलाच आहे, तुम्ही ज्या मेसचे स्वयंपाकी होतात त्या मेसच्या कोठीतला.

आई वाडीत वांगी-टमाटे तोडायला गेलेली असायची, म्हणून शाळा सुटली की सिंदी मेघेच्या घरी न जाता मी वर्ध्यात तुमच्याकडे यायचे. दुपारची जेवणं आटोपलेली असतात. ताटं घासून उपडी पडलेली असतात. तुम्ही मागच्या अंगणात, कोठीच्या दाराकडे पाठ करून, सुपात तुरीची डाळ निवडत बसलेले असता. मी नळापाशी चपला काढते. फरशी नुकती धुतलेली, तिच्यावर पाय चिकटून आवाज होतो, म्हणून भिंतीच्या कडेकडेने कोरड्या जागेवरून जायचं. दारात एक टिनाचा पत्रा ठोकलेला आहे, त्याच्यावर पाय पडला की संपलं, तो ओलांडायचा. पुढे तांदळाची पोती, त्यांच्यावर कितीही चाला, जराही आवाज नाही. सगळ्यात खालच्या फळीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात, गुळाचा डबा. त्याचं झाकण भारी घट्ट होतं. नखांनी कितीही हळू उचला, सुटताना ते एकदा वाजायचंच. ते वाजलं की तुमच्या सुपाचा आवाज थांबायचा.

"कोन आहे?" तुम्ही विचारायचात. मी श्वास धरून पोत्यांमागे. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "मांजर असन." आणि सूप पुन्हा सुरू. मी गुळाचा खडा गालात धरून आल्या वाटेने बाहेर. वर्धा तालुक्यात माझ्याएवढा पटाईत चोर दुसरा नाही अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. या समजुतीवर मी बरीच वर्षं काढली.

पण मनात एक कोडं राहिलंच. शेवटच्या वर्षाच्या मुलांना निरोप होता, तुम्ही शिरा करत होतात, आणि मी ओट्यावरचे पाच बेदाणे उचलले. चोरून नाही, तुमच्या देखत. तुम्ही माझं मनगट धरलंत. "काऊन वं? कोनाचे आहेत थे?" मी म्हटलं, पाचच तर आहेत. "पाच असो का एक. थे पोरायच्या वाटणीचे आहेत, आपले नोहे. जाय, ठेवून ये." दोन पोटात गेले होते. "मंग वार्डनसाहेबाले सांगून ये." मी गेले, रडत सांगितलं. साहेब हसले. तुम्ही हसला नाहीत. वीस वर्षं त्या मेसमध्ये रांधलंत आणि स्वतः मात्र घरून बांधून आणलेली भाकर चुलीजवळ बसून खाल्लीत. अशा माणसाचे कान दोन बेदाण्यांच्या वेळी इतके तिखट आणि रोजच्या गुळाच्या वेळी इतके मंद कसे, हे मला कळत नव्हतं. विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं तर चोरी कबूल करावी लागली असती.

आता मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते. बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि कुठला ऐकू आला, कुठला नाही, ते कागदावर मांडायचं. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरी मी परदेशातला एक जुना खेळ पाहिला होता. त्यात तुम्ही चोर असता. मारामारी करायची नाही, पहारेकऱ्यांच्या मागून, अंधारातून, न वाजता जायचं. फरशीवर पाऊल वाजतं, गालिच्यावर वाजत नाही, पत्र्यावर पडलं तर धावाधाव. पहारेकरी आधी थबकतो, मग "कोण आहे?" विचारतो, आणि काहीच झालं नाही तर पुन्हा आपल्या वाटेने जातो. मी मैत्रिणीला म्हटलं, हा खेळ मी लहानपणी रोज खेळलेय. तिला वाटलं मी फेकतेय.

त्या खेळाच्या कंपनीने पुढचे भाग काढायचं बंद केलं, तेव्हा जगभरातल्या चाहत्यांनी त्याच्यावर आपापले नवे खेळ बांधायला घेतले. त्याला मॉड म्हणतात. म्हणजे मांडव दुसऱ्याचा, लग्न आपलं. गोष्ट आपली, महाल आपला, पण भिंतींची चित्रं, पायांचे आवाज, दारांच्या कड्या सगळं मूळ खेळातलं, आणि ज्याच्याकडे मूळ खेळ असेल त्यालाच हा खेळता येणार. मी अशाच एका गटात शिरले. आवाजांचं काम मागून घेतलं. दिवसा नोकरी आणि रात्री, सुटीच्या दिवशी हे, असं अकरा वर्षं चाललं. आई म्हणायची, "दिवसभर लोकायचे कान पाहाचे अन् घरी आली का सोताचे कान झाकून बसाचं." हेडफोन लावलेले असायचे ना.

तीन वर्षांपूर्वी गटाने ठरवलं की हा खेळ आता स्वतःच्या पायावर उभा करायचा. मूळ खेळाची गरज नको. कुणीही, कुठेही, फुकट उतरवून घ्यावा आणि खेळावा. कंपनीने एवढंच कळवलं होतं की आमची एकही वस्तू त्यात नसेल तर आमची हरकत नाही. एक जरी सापडली तरी सगळं बंद करायला लावू. मग उसनं आणलेलं एकेक बाजूला काढून तिथे आपलं बसवायचं काम सुरू झालं. कुणी भिंती रंगवल्या, कुणी मशाली घडवल्या. माझ्या वाट्याला आवाज. पावलं मी आपल्याच अंगणात वाजवली. पत्र्यावरचं पाऊल सिंदी रेल्वे या गावी मामाच्या गोठ्यात माइकवर भरलं, तेव्हा त्याची म्हैस दोन वेळा मध्ये बोलली. पाण्यातलं पाऊल वाडीतल्या पाटात. खेळ बाहेर यायला सोळा दिवस राहिले असताना मी गटाला लिहून दिलं की माझे सगळे आवाज आता घरचे आहेत, यादी पूर्ण आहे.

दुसऱ्या दिवशी ती यादी मी उगाच पुन्हा ऐकायला बसले आणि डब्याच्या झाकणाच्या आवाजापाशी थांबून तो पुन्हा लावला. तो आवाज महालाच्या मुदपाकखान्यात आहे, आणि माझं गटात सगळ्यात जास्त कौतुक त्याच आवाजासाठी झालं होतं. बाबा, तो माझा नव्हता. पहिल्या वर्षी माझ्याकडे धड माइकसुद्धा नव्हता. मूळ खेळातल्या पेटीचा आवाज कापून, संथ करून, जरा खाली उतरवून मी तो दिला होता. आणि वरून लिहिलं होतं की हा माझ्या वडिलांच्या कोठीतल्या गुळाच्या डब्याचा आवाज आहे. तुमची सगळी गोष्ट त्यांना सांगितली होती, पोत्यांसकट, पत्र्यासकट. त्यांना ती इतकी आवडली की अकरा वर्षांत मलाही ती खरीच वाटायला लागली होती.

गप्प बसले असते तर बहुधा कुणाला कळलं नसतं. आवाज इतका बदलला होता की कंपनीचा माणूसही चकला असता. पण एखादा नसता चकला तर चौदा जणांची अकरा वर्षं माझ्या एका झाकणापायी बुडाली असती. दिवसभर मी दवाखान्यात लोकांना "आता ऐकू येतंय का?" विचारत होते आणि मला स्वतःला फक्त एकच ऐकू येत होतं, मंग वार्डनसाहेबाले सांगून ये. आमच्या गटाचा म्होरक्या दूरच्या एका थंड देशातला शाळामास्तर आहे. त्याला मी सगळं लिहिलं, आवाजाचं आणि तुमच्या नावाने मारलेल्या थापेचंही. वाटलं होतं तो मला काढून टाकेल. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. आवाज बदल, आम्ही थांबतो. आणि दुसऱ्या ओळीत, तो डबा अजून आहे का?

डबा होता. तुम्ही गेल्यावर वसतिगृहाच्या लोकांनी तुमच्या वस्तू एका पोत्यात घालून पाठवल्या होत्या. ते पोतं माळ्यावर गेलं ते गेलंच. मला कधी उघडवलं नाही. रविवारी मी शिडी लावली. तुमचा पंचा, मोठा झारा, आणि तळाशी तो पितळी डबा, हिरवट पडलेला. आईने चिंच लावून घासायला घेतला आणि घासता घासता बुडावरची अक्षरं वर आली. वसतिगृहाच्या प्रत्येक भांड्यावर वसतिगृहाचं नाव कोरलेलं असायचं, वाटीपासून पातेल्यापर्यंत. याच्यावर आईचं होतं. लग्नात आलेल्या भांड्यांवर असतं तसं, गावासकट.

"हा आपला डबा?" मी विचारलं.

"मंग कोनाचा? तुह्या गुळाचा डबा हा. तुले ठाऊक नोतं?" आई माझ्याकडे बघतच राहिली. "गूळ सरला का डबा घरी आणत, मी भरून देत होती. तुह्ये बाबा म्हणे, पोरीले चोरायचा भल्ला शौक आहे. मंग घरचंच चोरू दे तिले."

बाबा, खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. एवढी मी पटाईत, भिंतीच्या कडेने जाणारी, पत्रा ओलांडणारी, आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत! शिवाय आईलाही माहीत. माझी सबंध चोरीची कारकीर्द तुम्ही दोघांनी एका डब्यात भरून ठेवली होती. आई चिंचेच्या हातांनी तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसले. मग मला रडू आलं आणि ते काही केल्या थांबेना. दुसऱ्याच्या कोठीत स्वतःच्या घरचा गूळ नेऊन ठेवणारा माणूस. माझी चोरी चोरी होऊ नये म्हणून. तुमच्याइतका अभिमान मला आजवर कुणाचा वाटलेला नाही, आणि तो सांगायला मी नेमकी इतक्या उशिरा पोचले.

दुपारी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, माइक फळीवर ठेवला आणि झाकण नखांनी हळूच उचललं. तोच आवाज, बाबा. मी कापून-ताणून केलेला त्याच्या जवळपासही नव्हता. आवाज भरला जात असतानाच बाजूच्या खोलीतून आई बोलली. तिने काही ठरवून केलं नव्हतं, लसूण सोलत होती. झाकण वाजलं आणि तिच्या तोंडून सवयीने निघालं, "मांजर असन." तुमचंच वाक्य, तुमच्याच थांब्यासकट. मी झाकण पुन्हा भरलं, स्वच्छ, बोलण्याशिवाय. पण आईचं बोलणं पुसलं नाही. मुदपाकखान्यात एक म्हातारी राखणदार आहे, तिला तोवर आवाज नव्हता, ती नुसतीच फिरायची. मी दोन्ही फायली मास्तराला पाठवल्या. त्याने विचारलं, ही काय म्हणते? मी लिहिलं, मांजर असेल असं म्हणते, पण तिला चोर माहीत आहे. तो म्हणाला, राहू दे. तेव्हापासून झाकण वाजलं की ती म्हातारी तेवढंच म्हणते.

सगळे आवाज नव्याने तपासून, ठरल्या दिवसापेक्षा नऊ दिवस उशिरा खेळ बाहेर आला. एकही उसनी वस्तू नसलेला. कुठकुठले लोक खेळतायत, त्यांची पत्रं येतायत, दवाखान्यात जेवायच्या सुट्टीत मी ती वाचते आणि सोबतच्या सिस्टरांना वाचून दाखवते, त्या कंटाळल्या तरी. परवा आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीच्या एका मुलीचं आलं. ती लिहिते, एवढ्या मोठ्या परदेशी महालात आमच्याकडची बाई कशी काय, मी तीनदा ऐकलं, मले वाटलं माह्या घरचंच कोणी बोलून राह्यलं. मी ते आईला दाखवलं. आई म्हणाली, "तिले सांग, महालात नोकरी लागली म्हणा." तेव्हापासून वाडीत भाजी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्या नोकरीचं सांगते. खेळाच्या शेवटी नावं येतात, त्यात आवाजांखाली माझं आहे, आणि त्याखाली मी डब्याच्या बुडावर आहे तसंच आईचं नाव घातलंय, गावासकट. तुमचं घालायला गेले तेव्हा काम काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, गूळ.

हा कागद मी त्या डब्यात ठेवणार होते, पण आईने त्यात पुन्हा गूळ भरलाय. तेव्हा तो टेबलाच्या खणातच राहील. सगळे म्हणतात, मुदपाकखान्याची लेव्हल अवघड आहे, झाकण वाजू न देता पार करणारा अजून कुणी निघाला नाही. मी तर ती लहानपणी रोज खेळलेली, मला जमायला हवी. कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. फरशी ओलांडते, पत्रा ओलांडते, पोत्यांवरून डब्यापाशी पोचते, आणि झाकण मुद्दाम वाजवते.