सुमेधाचा जुनो

९ नोव्हेंबर २०१४, रविवार
लग्नाला सात वर्षं. मूल नाही. कारण आज सापडलं. वणीच्या ज्युनिअर कॉलेजात अकरा वर्षं बायॉलॉजी शिकवतो ते उगाच नाही. इंग्लंडच्या संशोधकांनी यंदाच शोधलंय. शुक्राणूच्या डोक्यावर इझुमो नावाचं प्रथिन असतं, अंड्यावर जुनो. दोन्ही एकमेकांना धरतात, तेव्हा ओळख पटते. जुनो नसेल तर शुक्राणू दारात ताटकळतो. सुमेधाकडे जुनो नाही. माझ्या इझुमोबद्दल शंकाच नको. आमच्या घराण्यात ओळख कोणी विसरत नाही.

१० नोव्हेंबर
सुमेधाला आकृती काढून दाखवली. ती म्हणे, माझ्या चारही तपासण्या नॉर्मल आल्या, तुम्ही एक तरी केली काय? म्हटलं, मुद्दा ओळखीचा आहे. भाजी करपली. तिचं लक्ष नव्हतं.

१३ नोव्हेंबर
वर्गात नऊ मुलं. बाकीची घरच्या कापसाच्या वेचणीला. भाव पडलेत, मजूर लावणं परवडत नाही. नऊ जणांना जुनो शिकवला. सिलॅबसमध्ये नाही. मागे कोणीतरी हसलं.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
आईने जाहीर केलं. संक्रांत झाली की सुमेधाला मुकुटबनला माहेरी पोचवायचं, कायमचं. माझ्यासाठी दुसरी पाहायची. वैज्ञानिकाने तटस्थ राहावं. सुमेधा म्हणाली, आधी यांची तपासणी होऊ द्या. नॉर्मल आली तर मी स्वतः माहेरची बस धरीन.
संकल्प: उद्याच तपासणी.

१७ नोव्हेंबर
सर्दी. अशात सॅम्पल देणं शास्त्रीय नाही.

२१ नोव्हेंबर
सर्दी गेली. शुक्रवार चांगला नाही, असं आई म्हणते. मी मानत नाही. पण आईचं मन.

२५ नोव्हेंबर
वणीत केली तर गावभर. म्हणून चंद्रपूर. लॅबमध्ये खोटं नाव सांगितलं, घनश्याम. सॅम्पलची डबी हातात घेतली, तोच काउंटरवरची मुलगी ओरडली, अवधूत सर! मले ओळखलं काय? मी ओळखलं नाही. अर्पिता, सर! दोन हजार आठची बॅच! बाहेर येऊन भरल्या वेटिंग रूममध्ये वाकून पाया पडली. एका हातात डबी. दुसऱ्याने आशीर्वाद दिला. कोणता द्यावा सुचेना. यशस्वी हो, म्हणालो. तिने फॉर्मवरचा घनश्याम खोडला आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. एम.एस्सी., बी.एड. सकट.

२८ नोव्हेंबर
रिपोर्ट आणला. पाकीट न फोडता सुमेधाच्या हातात दिलं. आत्मविश्वास दिसला पाहिजे.
शुक्राणू: शून्य.
म्हटलं, लॅबची चूक. ती म्हणाली, दोनदा पाह्यलं असं लिहिलंय. मग म्हणाली, ओळख पटायले आधी कोणी दारापर्यंत याले तर पाह्यजे. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर सुचलं असतं.

२९ नोव्हेंबर
सुमेधाचं एकच म्हणणं. आईंना तुम्हीच सांगा, तुम्ही सर आहात. आईला समोर बसवलं. चाळीस मिनिटं बोललो. इझुमो, जुनो, इंग्लंड, सगळं. शून्य शेवटी, घाईत. आई म्हणे, थे सारं राहू दे रे बापू. संक्रांत झाल्यावर पोचवाचं कोनाले, थे सांग.
सुमेधा कणीक मळत होती. हात थांबले.
तास संपला, असं म्हणून मी उठलो.