दुपारी एक ते अडीच

प्रिय बडबडे,

फोन सोडून मी पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असशील. सगळ्यात अवघड वाक्य आधी लिहून टाकते: मी तुझ्या बाबांची नोकरी सोडतेय. दातांच्या कॉलेजात मुलांना कवळ्या करायला शिकवायची जागा मिळालीये, एक तारखेला हजर व्हायचंय. बातमी आनंदाची आहे गं, पण पंधरा दिवस झाले, मला काही ती साजरी करता आलेली नाही. लोक काय नोकऱ्या सोडत नाहीत? पण त्या मैत्रिणीच्या बाबांच्या नसतात. आठ वर्षांपूर्वी तूच मला दंडाला धरून बाबांच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये नेलंस, 'हिला येत काही नाही, पण सांगितलेलं ऐकते' अशी माझी ओळख करून दिलीस, आणि स्वतः सहा महिन्यांत दूरदेशी निघून गेलीस. मेण किती तापवायचं इथपासून सगळं तुझ्या बाबांनी, माझ्या काकांनीच शिकवलं मला.

त्यामुळे जायचं तर रीतसर जायचं, असं ठरवलं. नवऱ्यानं राजीनाम्याचा नमुना शोधून दिला. त्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असं होतं. काकांना असं लिहायचं म्हणजे त्यांच्याशी खोटं बोलायचं, म्हणून तो फाडला. दुसऱ्यात आभार इतके झाले की नवरा म्हणाला, हा निरोपसमारंभाला वाचायला ठेव. तिसरा आठ ओळींचा झाला: कॉलेजात चाललेय, महिनाभर आहे, नवा माणूस तयार करून जाईन, तुमचे उपकार विसरणार नाही. सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पाकीट उघडलं, कागदावर नजर टाकली, 'बरं, बघतो सावकाश' म्हणाले आणि खणात ठेवून दिला.

मग चार दिवस त्याचा विषयच नाही. चहा घेतलास का, त्या डॉक्टरांची कवळी गेली का, एवढंच. माझा जीव टांगणीला. आठ वर्षांत ते माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत, तेव्हा रागावले की कसे दिसतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी दिवसातून दहा वेळा त्यांच्या चेहऱ्याकडे चोरून बघायची. एकदा तर राजीनामा परत मागून घ्यावा असंही मनात आलं.

हाताला चाळा हवा म्हणून नव्या माणसासाठी वही लिहायला घेतली. कुठल्या दवाखान्याला कवळी कशी लागते, भट्टी कधी दगा देते, प्लास्टरची पोती कुठे ठेवायची म्हणजे ओल धरत नाहीत. सोळा पानं सरसर झाली. मग दुपारी एक ते अडीच या वेळेपाशी आले आणि पेन अडलं. त्या वेळात काका जेवून आतल्या खोलीत पडतात. आणि मी, बडबडे, त्यांनी सकाळी मेणात बसवलेले दात काढून पुन्हा बसवते. दीड वर्ष झालं. आधी एखादा दात तिरपा असायचा, कधी रंग चुकायचा. आता सगळी ओळच उतरलेली असते. ज्यांच्या हातच्या कवळ्यांसाठी दवाखाने महिनाभर थांबायचे, त्यांच्या हातची कवळी मी गुपचूप दुरुस्त करते आणि त्यांच्याच नावानं पाठवते. काकांना दिसत नाही गं नीट. तू रविवारी फोन केलास की ते ठणठणीत म्हणतात आणि मीही मागून हो ला हो करते. चुकलंच माझं. आता हे वहीत लिहावं, तर पहिल्याच दिवशी परक्या माणसासमोर त्यांचं हसं. न लिहावं, तर वाकडे दात कुणाच्या तरी तोंडात जाणार आणि काकांनी उभ्या जन्मात कमावलेलं नाव मातीत.

पाचव्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं, खणातलं पाकीट काढलं आणि म्हणाले, वाचून दाखव. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ते रागावले नव्हते, त्यांना वाचताच आलं नव्हतं. मी माझाच राजीनामा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. 'उपकार'पाशी आले, तर ते म्हणाले, चांगलं लिहिलंयस, जा, कॉलेजात तुझी गरज आहे. मग वहीचं विचारलं. सगळं लिहिलंस का? मी हो म्हटलं. तर म्हणाले,

"दुपारचंही?"

आपण बसवलेले दात हाताला कळतात, म्हणाले. संध्याकाळी बोट फिरवलं की रोज कळायचं, हे आपले नव्हेत. तू इतक्या जपून करत होतीस की तुझं मन मोडवेना. मी त्यांना सांभाळत होते आणि ते मला. मग दोघंही रडलो, काय लपवायचं.

आणि त्यांनी राजीनामा मंजूर केला तो एका अटीवर, म्हणून हे पत्र. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आलेत. गेलेली नजर येणार नाही, उरलेलीही किती टिकेल सांगता येत नाही. स्वतः मेणाला हात लावणार नाहीत, नव्या माणसाला नुसतं सांगतील, हे त्यांनी कबूल केलंय. पण तुला फोनवर सांगायला त्यांची जीभ रेटत नाही, आणि लिहायचं तर ओळ दिसत नाही. जाण्याआधी एवढं काम कर, म्हणाले, वहीत नको, माझ्या लेकीला लिही. मी तीस तारखेपर्यंत आहे, पुढे लॅबमध्ये आणि घरीही त्यांच्याजवळ आपलं असं कुणी नाही. मी विचारलं, शेवटी काय लिहू? म्हणाले, "जवळून चेहरा अजून ओळखू येतो मला. तेवढ्यात ये म्हणावं."

तुझीच,
भित्री भागूबाई