पाचशे ऐंशी व्होल्टची जोडी

मी, सुषमा सुकलाल बाविस्कर, वय चोवीस, काम रेडिओ व टेपची दुरुस्ती, राहणार भेस्तान, सुरत, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. उद्या माझे अपेंडिक्सचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "अगं, अर्ध्या तासाचं काम." तरीही लिहिते. मागच्या रविवारचे मृत्युपत्र मी रद्द करते, कारण त्यात माझ्या भावावर अन्याय झाला आहे.

१. माझी मोलाची मिळकत एकच: जपानी इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन आणि त्याच्यासाठी आठ महिने खपून मी बांधलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. मी काम करते त्या दुकानात एका हिरेवाल्याने "आ तो मूंगो छे" म्हणून हा हेडफोन टाकून दिला होता. तो मुका नव्हताच! त्याच्या पातळ पडद्यावर सतत पाचशे ऐंशी व्होल्टचा भार लागतो, गाण्याचा सिग्नलही शेकडो व्होल्टचा लागतो. टेपरेकॉर्डरला जोडून तो कसा बोलणार? म्हणून ही जोडी कधीही फोडू नये, वेगवेगळी विकू नये.

२. ही जोडी मी धाकटा भाऊ आनंदा यास देते. हेडफोनचा डावा कान अचानक मंद झाला तेव्हा मी त्याच्यावरच आळ घेतला. तो म्हणाला, "ताई, तुझ्या त्या डब्यात हात घालायला मला काय जिवाचा कंटाळा आलाय?" मी ऐकले नाही. मृत्युपत्रातून त्याचे नाव खोडले, दोन व्हॉल्व्ह बदलले, सारे सोल्डरिंग पुन्हा केले. काल उलगडा झाला. बापू, म्हणजे आमचे वडील, तीस वर्षे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आहेत. थंडीत पॉलिएस्टरच्या सुतात वीज भरते, सूत चिकटते, तेव्हा तिथे ओले फडके टांगतात. हेडफोनच्या डाव्या कानाला तंतू चिकटलेले पाहून बापू रोज त्यावर ओला फडका टाकत होते! "सूत चिकटस म्हनीसन मीच वला फडका ठेवा, पोरी." लूमवर जी वीज वैरीण, तिच्याच जोरावर हा पडदा बोलतो, ओलाव्याने ती गळत होती.

हेडफोन रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवला. आज सकाळी लावला आणि डावा कान बोलला! तबल्यावर घासलेले नख ऐकू आले. सुराआधी गायिकेने घेतलेला श्वाससुद्धा! मी पोट धरून नाचले. आनंदाची माफी मागितली, तर म्हणतो, "आधी तो कागद फाड, मग रड." फाडला.

३. बापूंना कोणी बोलू नये. पहिले सोल्डरिंग मला त्यांनीच शिकवले. आनंदाने त्यांना रोज थोडा वेळ, हळू आवाजात, गाणे ऐकवावे.

४. माझा मल्टिमीटर दुकानाचे मालक धर्मेंद्रशेठ यांना. "छोकरीथी आ न थाय", पोरीला हे जमायचे नाही, असे ते म्हणाले होते. मीटर नेताना त्यांनी ही जोडी एकदा ऐकावी. उभ्याउभ्या नव्हे, बसून.

५. झाकण उघडण्याआधी प्लग काढून अर्धा तास थांबावे. मग व्होल्ट मोजावेत. एक हात खिशात, म्हणजे झटका छातीतून जाणार नाही. आनंदा, हसू नकोस.

वरील मजकूर आनंदाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मला नको. तू घरी ये आणि चालवायला शिकव." अशी अट कायद्यात बसते की नाही, मला ठाऊक नाही. पण ती मी मान्य करते.

साक्षीदार, माझ्या समक्ष सही करणारे:
१. शकुंतला चव्हाण, शिक्षिका, शेजारी
२. चिंधा पाटील, लूम मास्तर

सही: सुषमा सुकलाल बाविस्कर
भेस्तान, सुरत. रविवार, ९ फेब्रुवारी १९९७