मागची झील

सोम. ९ फेब्रु. १९७६, इस्लामपूर
मिरजेच्या डॉक्टरांनी एस्टीच्या कंडक्टरबरोबर रेकॉर्ड पाठवली. गजराबाई नेर्लेकरांची जुनी गाणी कंपनीनं मोठ्या तबकडीवर नव्यानं काढलीत. वर निरोप, "आता तुमच्या खरखरीला रजा द्या."

दुकानात लावली. पहिलंच 'पाखरू'. दोन ओळी ऐकल्या आणि पिन उचलली. चहा तसाच गार झाला.

विहिरीत तोंड घालून गायल्यासारखा आवाज. आणि मागं कुणी नाहीच. 'सांज झाली, पाखरू न्हाई आलं घराऽ'. या 'घरा'वर बाई श्वास घेतात तेवढ्यात मागची झीलकरीण तो सूर उचलून धरते, ओळ खाली पडू देत नाही. ती सखू. गजराबाईंची धाकटी बहीण. तिलाच गायब केलंय.

तिथं कंपनीनं काय भरलं तर घुमारा. देवळात टाळी वाजवल्यावर येतो तसला.

मंगळ. १०
माझी जुनी रेकॉर्ड काढून दोन्ही समोरासमोर वाजवल्या. चूक माझी नाही. जुनीवर सखू लांबून येते, बारीक, पण येते. खरखर धुवायला गेले आणि तिला पण गटारात सोडून आले.

कव्हरावर साताऱ्याच्या एका प्राध्यापकांनी लिहिलंय, 'ओळीच्या अखेरीस बाईंचा दीर्घ दमसास थक्क करतो.' अहो, तो दमसास नाही, मुंबईचं बटण आहे. शिवाय गाण्याची ओळ छापलीय 'पाखरू नाही आले घरा'. बाई 'न्हाई' म्हणतात, 'आलं' म्हणतात. यांनी त्यालाही इस्त्री मारली.

हँडलच्या मशीनवर हीच रेकॉर्ड वाजवत यात्रा केल्या मी. वाळव्यापासून कडेगावापर्यंत लोकांना हे गाणं माझ्या कर्ण्यातनं पाठ झालंय. मला कोण सांगतो दमसास.

हिनं आतून विचारलं, "आवं, एवढं रेकॉर्डवर तडतडताय, ती काय उलटून बोलनार हाय का?"
तेच तर. बोलत नाही म्हणून कुणीही काहीही करतं.

रवि. १५, मिरजेहून परत
डॉक्टरांकडं तीन तास भांडण. जेवण झालं त्यात.

त्यांच्याकडं दोन डब्यांचं मशीन आहे, एक या कोपऱ्यात, एक त्या. मध्ये आपण जावयासारखं बसायचं. म्हणाले, "महादेवराव, तुमचं प्रेम गाण्यावर नाही, खरखरीवर आहे. जुन्या रेकॉर्डवर शब्द तरी कळतात का?"
मी म्हटलं, "मला कळतात."
"कळतात? मग ऐका." आणि 'पाखरू' लावलं. "काय म्हणतायत बाई?"
"पाखरू न्हाई आलं."
"पुन्हा ऐका."

तीनदा ऐकलं. वासरू आहे. 'सांज झाली, वासरू न्हाई आलं घरा.' पुढं दावणीचं, घंटेचं येतं, ते आता कुठं जागेवर बसतं. पाखराला दावण कशाला. चाळीस वर्षं माझ्या कर्ण्यानं अख्ख्या मुलखाला पाखरू शिकवलं. कव्हरावरचा प्राध्यापकही त्यातच वाढलेला दिसतो.

डॉक्टर पोट धरून हसले. हसू दे. एक शब्द त्यांचा, मान्य. पण झील?
म्हटलं, "शब्द मिळाला, माणूस गेलं. हिशेब कुठं जुळला?"
म्हणाले, "मागचा आवाज तो. तो काय गाणं असतो का?"
हे मात्र लागलं. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही ऑपरेशन करता तेव्हा मागं नर्स असते का नसते? उद्या तिला काढा आणि टाका घालून दाखवा." मग वहिनी म्हणाल्या, "बरोबर बोलतायत ते." तेवढीच माझी कमाई.

डॉक्टर सांगत होते, कॉलेजच्या होस्टेलवरची पोरं त्यांच्या इंग्रजी गिटारवाल्यांच्या रेकॉर्डवरून असंच भांडतात. जुनी छपाई भारी की नवी. एकानं दुसऱ्याशी बोलणं टाकलंय. म्हटलं, त्या पोराचा पत्ता द्या मला.

बुध. १८
आणि आता हे. सांगलीच्या नाट्यगृहात गजराबाईंचा सत्कार, २९ ला. डॉक्टर कमिटीत. साताऱ्याचे प्राध्यापक बोलणार, नवी रेकॉर्ड वाजवून दाखवणार. माईक-कर्णे माझे.
म्हणजे त्या खोट्या दमसासाला आवाज मीच मोठा करून द्यायचा.

ठरवलं. प्राध्यापकांचं भाषण झालं की उठायचं. जुनी रेकॉर्ड बरोबर न्यायची, सगळ्यांसमोर लावायची आणि सांगायचं, हा सूर सखूचा. पण आधी बाईंच्या तोंडून 'व्हय' पाहिजे. रविवारी कडेगाव.

रवि. २२, कडेगावाहून आलो
लिहायला बसलोय पण काय लिहू.

बाई शंकरकडं राहतात. शंकर म्हणजे सखूचा मुलगा. आई गेली तेव्हा पाळण्यात होता, मावशीनंच वाढवलं. तो उसाच्या तोडीवर गेला होता. बाई सोप्यात एकट्याच, सुपात हरभरा. दात नाहीत, पण ताठ बसतात. "कोन? कर्ण्याचा म्हादबा? ये. मशीन घिऊन आलास, लगीन कुनाचं?"

सगळं सांगितलं. जुनी लावली. 'घरा'ला झील आली तसं मी बोट वर केलं. म्हटलं, "ही बघा सखू. नव्या रेकॉर्डवरनं हिलाच काढलंय. तुम्ही फक्त हो म्हणा, सांगलीत मी बघतो."

बाई म्हणाल्या, "दुसरी लाव." लावली. डोळे मिटून ऐकली.
"परत लाव."
परत लावली. मग म्हणाल्या, "लय सोच्छ ऐकू येती रं."
"कोण?"
"सखू."
वाटलं, वय झालं. म्हटलं, "बाई, अहो तिलाच तर काढलंय."
"म्हादबा, फुडं सखू हाय. मागं मी हाय."

मशीन बंद करायचं भान राहिलं नाही, पिन शेवटाला जाऊन खर्र खर्र करत बसली.

मुंबईला गाणी भरायला गेल्या तेव्हा गाडीतच बाईंचा घसा बसला. कंपनीचा साहेब म्हणाला, आजच भरा न्हाईतर जावा परत. मग सखू पुढं झाली, बाईंनी मागं उभं राहून कशीबशी झील धरली. सगळी गाणी तशीच भरली. "लिवनाऱ्यानं इचारलं, नाव काय टाकू? फड माझ्या नावाचा. माझं टाकलं. सखू म्हनली, आसूं दे अक्का, फुडच्या बारीला माझं टाक."
"मग?"
"फुडची बारी आलीच न्हाई. तीच गेली."
परत मुंबईला कुणी बोलावलं नाही. आणि बाईंची म्हणून भरलेली गाणी ती तेवढीच.

मी म्हटलं, "म्हणजे कंपनीनं काढलं ते तुम्हाला."
"मलाच की. आन हार बी मलाच घालनार." हसल्या. हरभऱ्यातले खडे वेचत होत्या, हात थांबला नव्हता.
"शंकरला ठाऊक आहे?"
हात थांबला. "त्येला वाटतं त्येची आई माझ्या मागं उभी ऱ्हायची. येवढंच. कवा सांगू, आन कोनत्या तोंडानं? आता चाळीस वरसं गाव मला 'पाखरू'वाली म्हनतंय."
तेवढ्यात विचारून घेतलं, पाखरू की वासरू. "वासरू. पन लोक पाखरू म्हनाया लागले. म्हनलं, म्हनू द्यात."

निघताना म्हणाल्या, "तू सांगलीत कायबी बोलू नगं. सखू येकटी गाती त्यात. गाऊ दे." आणि दारापर्यंत आल्यावर, "नवीच बरी हाय रं."

नवी बरी. माझ्या तोंडावर.

सोम. २३
दिवसभर चिडचिड. आष्ट्याच्या गिऱ्हाइकाला उगीच बोललो.
कान, कान म्हणून मिरवतो मी. दोघींना जत्रेत समोर बसून ऐकलंय. सख्ख्या बहिणी, एका मुशीतले गळे, पण तरी.

आणि कंपनीवर रागावू की नको तेही कळेना. त्यांनी कुणाला विचारलं नाही, कुणाला काढतोय ते बघितलं नाही, एक आख्खी बाई पुसली, आणि वर बाईच म्हणते बरं झालं. चोरी करून दान झाल्यासारखं. पण चोरी ती चोरीच. घुमारा तर अजून डोक्यात जातो. सखूचा आवाज एवढा स्वच्छ आलाय तर त्याच्या शेपटीला ती देवळातली टाळी कशाला?

गुरु. २६
डॉक्टरांचा निरोप, "सांगलीत भांडण काढणार आहात म्हणे. कमिटी घाबरली आहे." उलट कळवलं, भांडण मागं घेतलं. आता ते जास्तच घाबरले असतील.

सोम. १ मार्च
काल सांगली. हॉल गच्च. बाई खुर्चीत, पुढं माईक, शेजारी शंकर नव्या टोपीत. मी बाजूला विंगेत, बटणांपाशी.

प्राध्यापकांनी दमसास हा शब्द किती वेळा काढला. प्रत्येक वेळी वाटलं यांचा माईक बंद करावा. केला नाही, धंदा आहे. मग म्हणाले, आता प्रत्यक्षच ऐकू. नवी रेकॉर्ड लावली. बाईंचा माईक मी कमी केला, रेकॉर्ड चालू असताना करावाच लागतो.

पहिलं कडवं गेलं. 'घराऽ', आणि तो घुमारा. बाई खाली बघत होत्या.
दुसऱ्या कडव्याला 'घरा' आलं आणि बाई पुढं वाकल्या. ओठ हलले.
झील धरली होती.
माईक कमी, म्हणून बाहेर काहीच जात नव्हतं. मला म्हणाल्या होत्या, बोलू नगं. बटण फिरवू नको असं म्हणाल्या नव्हत्या. फिरवलं.

चिरलेला, थरथरता, पण सुरात. सखू थांबली की बाईंनी उचलायचं. घुमारा त्याखाली बुडून गेला. तिसऱ्या कडव्याला सखू पुढं, गजरा मागं, अशा दोघी होत्या. मी मशीनवाला माणूस, पण अंगावर काटा आला हे इथं लिहून ठेवतो.

टाळ्या थांबेनात. आणि प्राध्यापक काय म्हणाले, "पाहा, या वयातही तोच दमसास."
वायर उपटणार होतो.

मग बाईंना दोन शब्द बोलायला लावलं. म्हणाल्या, "झील म्या धरली. गानं माझं न्हाई." एवढंच, आणि बसल्या.
लोकांना वाटलं, केवढा मोठेपणा. आणखी टाळ्या. मागच्या रांगेतला कुणीतरी तर म्हणाला, "कलावंत असावा तर असा." इतकं सरळ सांगितलं बाईंनी, मी माझ्या हातानं मोठं करून सोडलं कर्ण्यातनं, आणि हजारभर माणसांत एकानं ऐकलं नाही. मी काय आवाज विकतो मग?
शंकरनं मात्र टाळी वाजवली नाही. मावशीकडं बघत होता.

गुरु. ४
डॉक्टर स्वतः दुकानात आले, मिरज सोडून. बसले, चहा घेतला, मग म्हणाले, "महादेवराव, परवा बाई बोलल्या, ते नम्रतेनं म्हणाल्या की माहिती दिली?"
म्हटलं, "तुमच्याकडं दोन डबे आहेत. ऐका."
"ऐकलं. म्हणून तर आलो. परवा हॉलमध्ये मागं जो गळा होता तो नव्या रेकॉर्डवर कुठंच नाही."
मानलं त्यांना. पण सांगितलं काहीच नाही. ते माझं नाही सांगण्याचं.
जाताना म्हणाले, "तुमची जुनी एकदा द्या."
"देत नाही," म्हटलं. "इथं येऊन ऐका. झिजते ती."

शनि. ६
सकाळी शंकर आला, कडेगावाहून. बाजार करायचा होता म्हणे. उगाच कर्ण्यांकडं बघत उभा. मग म्हणाला, "मावशीनं धाडलंय. म्हनली, म्हादबाकडं जा, रेकॉर्ड ऐकून ये."
"कोणती?"
"त्ये न्हाई सांगितलं. मी इचारलं तर म्हनली, म्हादबा लावंल ती ऐक. आन म्होरं कोन हाय आन मागं कोन, ते आपल्या कानानं वळख." टोपी काढून हातात फिरवत होता. "आवं, मी आईला कवा ऐकलंच न्हाई. मी काय वळखनार?"
म्हटलं, "बाजार करून ये. तोवर मशीन तयार ठेवतो."

दोन मशीन मांडलीत. एकावर जुनी, नवी पिन लावून, पुसून. दुसऱ्यावर नवी. नवी लावली तर त्याची आई एकटी, स्वच्छ, शब्द न शब्द, पण कंपनीच्या विहिरीत. जुनी लावली तर खरखर, आई लांब, आणि तिच्या मागं मावशी उभी.
डॉक्टरांशी भांडत होतो तेव्हा हे किती सोपं होतं. आणि मलाच निवडायला लावलं या म्हातारीनं, याचाही राग येतो.

हिनं आतून विचारलं, "कोनती लावनार?"
मला ठाऊक नाही.
रस्त्यापलीकडं शंकर दिसतोय, खांद्याला पिशवी, गाडी जायची वाट बघत. वही मिटतो.