भाऊबिजेच्या ताटातली गाडी

जयराम, भाऊबिजेला बहिणीच्या ताटात रस्त्यात मरणारी गाडी घालणारा भाऊ सबंध वसई तालुक्यात तू एकटाच. लोक साडी घालतात, फार तर पाकीट. तू किल्ली घातलीस, आणि वर फोटो काढून घेतलास.

आता रीतीचं. नंदाखालहून थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी साखर आणि सावित्रीचे गुडघे आपापल्या जागी असतील असं धरून चालते. इकडे केळीवर घड बरे आहेत, विहिरीला पाणी आहे. मी चौथी शिकले, तेवढ्यात भागवून लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मधे मधे बोलतोस. कागदाला मधे बोलता येत नाही.

तू वसईला तुमच्या पापडी गावभर सांगत फिरतोस की ओवीच्या साखरपुड्याला मी रुसून आले नाही आणि गाडीचं निमित्त केलं. (नातीच्या साखरपुड्याचं आमंत्रण तू मोबाइलवर पाठवलंस, म्हणून चार बायकांत मी म्हणाले की जाणार नाही, ते खरं. म्हणणं वेगळं आणि न जाणं वेगळं. एवढी वर्षं मला ओळखतोस, तुला कळू नये?) पहाटे उठून वाडीतला मोगरा मी स्वतः तोडला. ओवीला आणि तिच्या सासरच्या सगळ्या बायकांना पुरतील एवढे गजरे गुंफले, टोपलीवर ओलं केळीचं पान घातलं, ठेवणीतलं लुगडं नेसले आणि गाडीत बसले. चालवायला आमचा नातू, केयूर. निर्मळच्या तळ्याजवळच्या गतिरोधकावर तुझी गाडी चढली, उतरली, आणि उतरली ती मेलीच. खोकली नाही की आचके दिले नाहीत. दिवे, पंखा आणि केयूरची गाणी एकदम बंद. त्याने वीस वेळा किल्ली फिरवली, हूं की चूं नाही. चर्चमधला मिस्सा आटपून घरी निघालेले चौघे बिचारे धक्का मारायला आले. म्हणाले, आजी, जरा वजन कमी करा. मी टोपली खाली दिली. तरी नाही.

तासाभरात गजरे पिवळे पडले. पिवळे गजरे घेऊन मुलीच्या दारात मी जाणार नाही, म्हणून रिक्षा केली ती घराकडे. केयूरकडून माझा जुडगा मागून घेतला आणि गाडीची किल्ली सोडवून त्याच्या हातावर ठेवली. (हा किल्ल्या हरवतो, म्हणून गाडीचीही मी घरच्या जुडग्यातच ठेवते.) मी दाराचं कुलूप काढते तोच हा पठ्ठ्या गाडी चालवत अंगणात. म्हणे, तू गेलीस आणि एका फटक्यात चालू झाली. वाटेत तुझा कोणी पापडीकर भेटला असणार, त्यानेच तुला बातमी पोचवली की गाडी तर धडधाकट पळत होती. खोटारडी मी ठरले, गाडी नाही.

मग ती आमच्या शेजारच्या बॅप्टिस्टच्या गॅरेजात. त्याने बॅटरीच्या तारा घासल्या, पेट्रोलची जाळी बदलली, टाकीतला पंप काढून घातला, शेवटी छोटा काँप्युटर लावला. तो म्हणाला, दोष नाही. बॅप्टिस्ट तिला तीन दिवस अर्नाळ्याला मासळी आणायला घेऊन गेला, एकदाही थांबली नाही. (त्याला मी नुसती गाडीची किल्ली दिली होती. घराचा जुडगा मी कोणाच्या हाती देत नाही, तुझ्याही देणार नाही.) परत आणली, दुसऱ्या दिवशी वसईला निघालो, त्याच गतिरोधकावर मेली. असं तीनदा. केयूर म्हणाला पेट्रोलात भेसळ, सुनेने लिंबू-मिरची बांधली. मी मात्र नीट विचार केला. बॅप्टिस्टकडे चालते, आमच्याकडे मरते, आणि मरताना दर वेळी तोंड पापडीकडे असतं. म्हणजे गाडीला पापडीला यायचं नाही. तुझ्याकडे सात वर्षं काढली तिने, काहीतरी पाहिलं असेल.

तेव्हा गाडी परत ने. आणि मी रुसले असं ज्या ज्या घरी सांगितलंस, त्या त्या घरी जाऊन ते पुसून ये.

तुझी थोरली बहीण,
धोंडूबाई

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. बॅप्टिस्ट आला होता. त्याला म्हटलं, आता माझ्यासमोर बस आणि आम्ही चालवतो तशी चालव. तो बसला, हाताला किल्ली लागण्याआधी जुडगा लागला. वाडीचं फाटक, पंपाची खोली, दोन कपाटं, कोठी, पाडलेल्या जुन्या घराचं कुलूप, एवढ्यांच्या किल्ल्या, पानं कापायची लहान कोयती, आणि कोणी उचलला तर कळावं म्हणून मी बांधलेलं पितळी घुंगरू. त्याने जुडगा तळहातावर उचलून धरला, गाडी चालू. हात काढला, बंद. चार वेळा करून दाखवलं. मग म्हणाला, "धोंडूआजी, गाडीला आजार नाही. तुमचा सगळा संसार तिच्या किल्लीला लटकतोय." गाडीची किल्ली फिरते त्या कुलपाच्या आतलं बटण झिजलं आहे म्हणे, ओझ्याने खाली ओढलं जातं आणि हादरा बसला की सुटतं. ते बटण सात वर्षं तूच फिरवलंस, म्हणून निम्मा दोष तुझा धरते. वरचं सगळं तसंच ठेवलं आहे. एवढं लिहिलेलं फुकट कोण घालवणार.

ता. क. दुसरा. बॅप्टिस्ट नवं बटण बसवतो आहे, पण ही किल्लीही घासली गेली आहे. दुसरी, न वापरलेली, तुझ्याकडे आहे. (ओवाळणीत एकच घातलीस, मी तेव्हाच पाहिलं होतं.) ती ओवीच्या हाती पाठव, तू मागून आलास तरी चालेल. मोगरा अजून पंधरा दिवस आहे. या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस, सावित्रीनेही नाही. साखरपुडा ओवीचा होता, गजरे तिचे होते. माझ्यावर रागवायचं की नाही, ते तिनेच लिहावं.